सूर्यमाळचा वरवंटा, वापर अज्ञात

चैत्र वद्य ४, शके १८३३. जव्हार.

जव्हार संस्थानावर संकट कोसळले आहे, आणि दरबारात कोणालाही त्याची दाद नाही. आमचा पाटा गुळगुळीत झाला! चटणी वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे घसरते. आज ताटात लसणीच्या पाकळ्या जशाच्या तशा आल्या, जणू पाहुण्या. पाट्याला टाकी लावणारा पाथरवट गावात एकच. त्याला मुंबईच्या धारप नावाच्या कोणा विद्वानाने सूर्यमाळेला पळवले आहे. तिथे जमिनीतून यादव राजांच्या काळचे पाटे काढायचे आहेत म्हणे. यादवांच्या चटणीची सोय झाली. माझ्या चटणीला वाली नाही.

अक्का म्हणाली, "पाट्याला कशाला बोल लावतोस? वरवंटा बघ. मधे झिजून काकडी झालीय त्याची. नवा आण."

मी म्हटले, चालतोय तोवर चालू दे.

ती लसूण सोलायला वळली. थोरल्या बहिणीला गप्प करणारा हा एकच विषय या घरात आहे.

चैत्र वद्य ६

हुकूम झाला. उद्या सूर्यमाळेला निघायचे. पाड्यावरची बोली धारपांना कळत नाही, म्हणून मी दुभाषा. ती मला कळते असे दरबारात कोणी सांगितले? मीच सांगितले असणार. फुशारकी!

चैत्र वद्य ८. सूर्यमाळ.

धारप माणूस वाईट नाही. फुटक्या खापराशी तासन् तास प्रेमाने बोलतो. जिवंत माणसाशी बोलताना घड्याळ काढतो.

पाड्याच्या वरच्या अंगाला जुने गावठाण आहे, तिथे खणणे चालले आहे. आतापर्यंतची कमाई — जात्याची एक तळी, फुटके उखळ, दगडी दिवा, विळ्याला धार लावायचा दगड, आणि टोपलीभर खापरे. सगळे तेच, जे अक्काच्या स्वयंपाकघरात आहे. फक्त अक्का नाही. म्हणून इथे शांतता.

पाण्याचे हाल. बायका पहाटेच खाली ओहोळात उतरतात, झऱ्याशी रांगेने बसतात, करवंटीने एकेक घोट उपसून हंडा भरतात. आमच्या बुधल्यातले पाणी दुपारीच संपले. धारपांनी स्वतःची सुरई उशाशी घेतली — विद्वान! फागी नावाची म्हातारी चढ चढून आली, आपल्या दारात टेकलेल्या माझे तोंड पाहिले आणि हंड्यातला तांब्या भरून पुढे केला. मी चवली काढली.

"पान्याचं पैसं? उद्या वाऱ्याचं मागंन मी. पी गुमान, कारकूनदादा."

प्यालो. तिच्या तांब्यातून, तिच्या दारात. हे अक्काला सांगणे नाही.

चैत्र वद्य ९

आज मोठा शोध! उंबराखाली हातभर खोलीवर एक वरवंटा निघाला. आखूड, काळा, अंगावर शेंदराची पुटे. धारप अक्षरशः नाचले. "उपासनेचा पुरावा! कारकून, लिहा!" मी चिठ्ठी लिहिली — काळ: यादवांचा. वापर: अज्ञात.

एक गंमत. दगड वर आला तशी मजुरांनी कुदळी टाकल्या आणि सगळे पाठ फिरवून उभे राहिले. पुढे होता सुकऱ्या, फागीचा मुलगा. विचारले तर डोंगराकडे बघून म्हणाला, "काय नाय." धारप म्हणाले, आळशी जात. मी म्हटले, ऊन. दोन शहाणी माणसे, दोन उत्तरे, आणि दोन्ही चूक असावीत असे त्या पाठी पाहून वाटले. पण दुभाष्याने पाठींचे भाषांतर करायचे नसते.

बायका ओहोळात होत्या.

चैत्र वद्य ११

परतलो. कचेरीच्या पडवीत दगड पेंढ्यात पडले आहेत. लतीफ सुतार पेटी करतो आहे. म्हणाला, "कारकूनसाहेब, धोंड्यांना सागवान? आमच्या मोहल्ल्यात मयताला आंब्याची फळी मिळाली तर लोक म्हणतात, काय थाटात गेला!"

पाथरवट अजून वरच.

वैशाख शुद्ध २

फागी आली. सूर्यमाळेहून पायी, या उन्हात. पडवीत बसली, दम खाल्ला, मग म्हणाली, "आमचा धोंडा दे."

कोणता ते तोंडाने सांगेना. पुरुषाशी तो बोलायचा नसतो, पुरुषाने तो बघायचाही नसतो. मग भिंतीला सांगितल्यासारखे सांगितले. पाड्यात बाळंतपण झाले की बायका उंबराखालून तो धोंडा काढतात, पाचवीला सटवाईपुढे पुजतात, आणि पुन्हा पुरतात. पुढच्या पोराला पुन्हा तोच. तिच्या सासूच्या सासूलाही तोच. सून लाडकी काल बाळंत झाली. बायका उंबराखाली गेल्या, तर खड्डा!

"पोऱ्या चांगला हाय. पन लाडकीनं तोंड मिटलंय. धोंडा घरात येत नाय तवर घास घेनार नाय, पानी पन नाय. म्हनते, सटवाई पोऱ्याचं नशीब कोनच्या पाटीवर लिहील? दूध कुठनं यावं, दादा? पोऱ्या बोट चोखतोय."

म्हणजे यादवांचा हा वरवंटा अजून नोकरीत आहे. पेन्शनीत काढला तो आम्ही.

धारप आत पंख्याखाली पडले होते. जाऊन सांगितले. डोळे न उघडता म्हणाले, "दुसरा पुजा म्हणावं. डोंगरात धोंड्यांना काय तोटा? आकडा पडलाय त्यावर. मुंबईला कळवलंय."

बाहेर येऊन सांगितले. फागी म्हणाली, "इचार त्याला, दुसरी आई चालंल काय?"

आत जाऊन म्हटले, म्हातारी विचार करते म्हणते.

तिला म्हटले, रात्रीपुरती लतीफच्या घरी राहा, राबियाभाभी भाकर देईल. का म्हटले कोण जाणे. मला या प्रकरणात काही मत नाही.

वैशाख शुद्ध ३. अक्षय्यतृतीया.

पहाटे अक्काने उदककुंभ मांडला. नवे मडके, वाळा, वर आंबा. गेलेल्यांच्या नावाने पाणी द्यायचा दिवस. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. वाटले होते, आरडाओरडा होईल. अक्का उठली, माझ्या हातातून तो घेतला, धुतला, पदराने कोरडा केला, आणि परत दिला. कशासाठी हवा ते विचारले नाही. शेंदराची डबी मात्र स्वतःच देव्हाऱ्यातून काढून दिली. तिला कोणी सांगितले? राबिया दुधाला येते रोज.

कचेरीत लतीफ झाकण ठोकायच्या बेतात. मी एक काढला, एक ठेवला. त्याने वाकून हुंगले.

"साहेब, याला लसणीचा वास येतोय!"

"यादवांना लसूण आवडत असे. ठोक."

"आणि चिठ्ठी?"

"तीच. वापर अज्ञात."

त्याने माझ्याकडे जरा पाहिले, आणि ठोकले.

फागी मागच्या दारी उभी होती. पंच्यात गुंडाळलेला धोंडा तिच्या ओच्यात ठेवला. ती तो उघडून बघणार, तर आधी मलाच दटावले, "तोंड फिरव की!"

फिरवले. दरबारचा कारकून, सणाच्या दिवशी, कचेरीच्या भिंतीला नाक लावून उभा! वळलो तेव्हा ती नव्हती.

वैशाख शुद्ध ५

पेटी सकाळी डहाणूच्या वाटेला लागली. धारप पेटीवर हात ठेवून बसले होते.

आमच्या वरवंट्याने एकदा अंगडे-टोपडे घातले होते. बारशाला, बाळाच्या आधी पाळण्यात निजवतात तसे. टोपडे आमच्या हिने शिवले होते, वरवंट्याला मोठे झाले म्हणून बायका हसल्या होत्या. त्याच्यामागून पाळण्यात जो निजला, त्याने पावसाळा पाहिला नाही. आणि दिवाळीपर्यंत हीही गेली.

आज सूर्यमाळेला पाचवी. तांब्याभर पाण्याचे फिटले.