कापलेल्या खोडाची वेळ

आबा,

गेल्या रविवारी पिंप्राळ्याच्या घरी एका पोलीस मालिकेचा भाग पाहिला. त्यातला निरीक्षक झपाटलेला आहे. वरिष्ठांनी काढून घेतलेला तपासही तो सोडत नाही. एका खोलीत खून होतो आणि झटापटीत आपटून विझलेली डासांची कॉइल सापडते. ती केव्हा लावली ते घरच्यांना ठाऊक असते. निरीक्षक तशीच दुसरी कॉइल पेटवतो, ती किती वेगाने जळते ते मोजतो आणि खुनाची नेमकी वेळ काढतो. त्या वेळी घरात एकटा स्वयंपाकी होता. त्याला बेड्या पडतात.

“सापडला एकदाचा!” ही म्हणाली.

“छताला पंखा होता,” मी म्हणालो. “वाऱ्यात कॉइल भरभर जळते. याने पंख्याचं विचारलंच नाही.”

“अहो, मालिका आहे ती! तुम्हाला घाम कशाला फुटलाय?”

मग तिला असोद्याच्या मळ्यातली ती सकाळ सांगावी लागली. कोणीतरी द्वेषापोटी आपल्या केळीच्या तीन ओळी विळ्याने आडव्या केल्या होत्या. महिन्याभरात घड धरणारी झाडे. गाव हळहळत बांधावर उभे होते, आणि तुम्ही मात्र माझी फूटपट्टी मागत होता. मी तेव्हा कॉलेजात नुकताच विज्ञान शिकू लागलो होतो. निरीक्षण म्हणजे काय, ते मला त्या दिवशी तुम्ही शिकवले. केळीचे खोड कापले तरी त्याचा गाभा थांबत नाही. आतले कोवळे पान वर सरकत राहते आणि कापलेल्या चकतीच्या मधोमध फिकट कोंब डोकावतो. किती सुंदर घड्याळ आहे हे! आज वनस्पतिशास्त्राच्या वर्गात ते समजावताना माझा आवाज अजूनही चढतो. तुम्ही शेजारच्या कोरड्या वाफ्यातले एक खोड स्वतः कापलेत, दिवसभर त्याच्यापाशी बसून तासातासाने कोंब मोजलात आणि त्रैराशिक मांडलेत. उत्तर आले, आदल्या दिवशीची दुपार. दुपारी मळ्यात एकटे आपले सालदार नाना होते.

संध्याकाळी तुम्ही नानांना अंगणात उभे केलेत. नाना मूळचे साक्रीकडचे. आठ वर्षे आपल्या घरी राबलेले. रागावलेही नाहीत ते.

“भाऊ, ह्या बठ्ठ्या केळी मन्हा हातन्या शेतस. मी कसाले कापसू?”

“माणूस खोटं बोलीन, नाना. झाड नाही बोलत.”

दुसऱ्या दिवशी ते, त्यांची बायको आणि एक पत्र्याची पेटी निघून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा दोन ओळी कापलेल्या सापडल्या. तुम्ही बराच वेळ तिथे उभे होता. त्या वेळी पट्टी मागितली नाहीत, आणि माझ्याकडे पाहिलेही नाहीत. बांधावर जमलेल्यांत तो खरा माणूस हळहळत उभा होता का, हा प्रश्न मला आजही पडतो.

तुमच्या गणितात चूक कुठे होती, ते मला पहिल्याच दिवशी समजले होते. आदल्या संध्याकाळी त्या ओळींच्या ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायला तुम्ही मला सांगितले होते. मी विसरलो. पाणी रात्रभर चालू राहिले. सकाळी मी तो गुपचूप बंद केला. पाणी मिळालेला कोंब कोरड्या वाफ्यातल्या कोंबाहून कितीतरी वेगाने वाढतो. तो वेग धरला, तर कापणी तिन्हीसांजेनंतरची ठरते, आणि तिन्हीसांजेनंतर नाना आपल्या ओसरीवर तुमच्या शेजारी जेवत होते. पाल्याखालची माती ओली होती, आबा. तुमची नजर कोंबावरून खाली आलीच नाही; आणि तुमच्या रागाच्या धाकाने मी ती वळवली नाही.

“नाना आहेत का अजून?” व्हॉल्व्हचेही ऐकल्यावर हिने विचारले.

“मुलाकडे आहेत. साक्रीच्या पलीकडे.”

“मग जा. सांगून या.”

परवा गेलो. धुळ्याला साक्रीच्या गाडीत खिडकीशी जागाही मिळाली. कंडक्टरने निघायची घंटी मारली आणि मी तिथेच उतरलो. स्टँडवर तीन तास बसून परत आलो. घरी सांगितले, नाना भेटले, मनात काही नाही म्हणाले.

हिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, त्यांना एकदा आपल्या घरी जेवायला बोलवा. मी हो म्हणालो आहे.