फौजदाराच्या वेषातले बाबा

सक्करदरा, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शामलाचा शि. सा. न. वि. वि.

सकाळपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. काल उमरेडला लकडगंजची मंडळी चिन्मयीला पाहायला आली. भिंतीवरचा बाबांचा फोटो पाहून, आजोबा फौजदार होते वाटतं, असं मुलाचे वडील म्हणाले. तू त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवलीस, बस.

बाबा बहुरूपी होते. फोटोतल्या त्या फौजदाराच्या वेषात ते लोकांच्या दारात उभे राहून खोटं वॉरंट वाचायचे. माणसं घाबरली की टोपी काढून, मी बहुरूपी, असं सांगायचे. मगच धान्य घ्यायचे. सोंग उघड केल्यावाचून त्यांनी कुणाचा दाणा घेतला नाही. आणि तू त्याच सोंगावर मुलीचं लग्न जमवतोस?

मी उगाच तापले का, हे स्वतःला दोनदा विचारून पाहिलं. तसं वाटत नाही. साखरपुड्याआधी त्यांना खरं सांग.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी शामला

उमरेड
७ फेब्रुवारी

चि. शामलास अ. उ. आ.

काहून इतकी तापतेस वं? कॉलेजात पेपर तपासून तपासून आता मोठ्या भावालेही मार्क देऊन राहिली तू. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. ते समजले, मी गप्प राहिलो. आमच्या ऑफिसात साहेब फिरला की त्याले बहुरूपी म्हणतात. पक्ष बदलणाऱ्यालेही पेपरवाले तेच म्हणतात. उद्या सासरी पोरीले बहुरूप्याची नात म्हणून हिणवलं, तर तू निस्तरशील का?

सांगायलेच येणार असशील, तर सोळा तारखेच्या साखरपुड्याले येऊ नको.

तब्येत सांभाळ. भावावरचा जीव तेवढा राहू दे.
तुझा दादा

उमरेड
१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
चिन्मयीचा सा. न.

बाबा आईला तुझं पत्र रागारागानं वाचून दाखवत होते, तेव्हा मला सगळं कळलं. काल मीच लकडगंजला फोन करून सांगितलं. मुलाच्या आईनं विचारलं, बहुरूपी म्हणजे फसवणारे ना? मी म्हटलं, फसवलं ते आम्ही, आजोबांनी नाही. मग, विचार करून कळवतो, एवढंच म्हणाल्या.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईला मात्र ऐकवतात की पोरगी आत्यावर गेली.

रविवारी पाहुणे येतील की नाही, माहीत नाही. तू मात्र ये. ते नाही आले, तर या घरात खरं बोललेली मी एकटीच असणं मला झेपायचं नाही.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
चिन्मयी