लॉजच्या खोलीतला केर

जोधपूर

शिवतेजच्या आईस,

मी इथं बरा हाय, जेवतोय वेळंवर. फोनवर तू आवाजावरनं वळखतीस, म्हणून पत्र लिवतोय.

किल्ला लय मोठा हाय. पयल्या दिवशी पोरानं हाताला धरून वर नेलं, सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पलटणीतनं बोलावणं आलं. "आबा, दोन दिवसांत येतो, तवर म्युझियम बघून घ्या," म्हणून लॉजवरनंच गेला. त्याला चार दिवस झाले. फोन लागत न्हाई, रेंज नसंल तिकडं.

म्युझियम तीनदा बघितलं. पालख्या, ढाली, तलवारी हायत. काचंच्या पेटीत एक भोक पडलेलं चिलखत हाय, तिथं मी थांबत न्हाई. दारावरचा शिपाई आता तिकीट बघायच्या आधी रामराम घालतो.

पलूसला उसाला पाणी कोण पाजतंय? तुझा गुडघा कसा हाय?

घरातनं माणूस भाईर पडला की पोचल्याचं कळंपतूर तू केर काढत न्हाईस. मी हसायचो तुला. इथली बाई रोज सकाळी झाडू घेऊन खोलीच्या दारात येती. चार दिवस मी तिला परत पाठवतोय.

तुझा,
लालासाहेब