चाफ्याचं पाणी

१४ सप्टेंबर

दोन्ही टाक्या काठोकाठ! गेल्या रविवारी निलेश दिवसभर पत्र्यावर होता. पन्हळ बसवली, जाळी लावली, पाइप टाकीत सोडला, खाली पंपही जोडला. एवढ्याशा बागेला पंप कशाला रे, म्हटलं. "आई, गुडघे बघ तुझे. मे महिन्यातसुद्धा चाफ्याला पाणी कमी पडायचं नाही."

पावसाळ्यात लोणावळ्यात नुसता धो-धो, आणि उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार. गेल्या वर्षी ह्यांचा सोनचाफा जाता जाता वाचला. ह्यांच्या हातचं तेवढं एकच झाड उरलंय. हे गेल्यापासून पोरानं पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलं. फार बरं वाटलं.

१८ मार्च

आजपासून टाकी उघडली. चाफ्याला दोन तांबे, अबोलीला एक. चिंगूस म्हणाले असते हे!

११ एप्रिल

निलेशचं टुमणं— दर शनिवारी स्नेहलकडे आकुर्डीला जात जा, लेकीकडे दोन दिवस राहा, बदल होईल. किती माया! मागच्या फाटकाची किल्ली शेजारी शकुबाईंना दिली, चाफ्याला पाणी घालायला. चिक्कीच्या कारखान्यात होत्या तेव्हापासूनचा आमचा शेजार. चिंता नाही.

२७ एप्रिल

आकुर्डीहून आले तर एक टाकी कोरडी! हातानं वाजवली तर टणटण.

निलेशला फोन केला. "तुला सांगणारच होतो आई. किल्ली काढून घे त्यांच्याकडून." मग काय, माझं तोंड सुटलं. भिंतीवरूनच. शकुबाईंनी किल्ली आणून ओट्यावर ठेवली. "म्या थेंबसुदिक न्हाई घेतला. तुमच्या लेकाला इचारा." वर तोंड करून बोलतात! आता चहापाणी बंद.

९ मे, शनिवार



लोकल घोरावाडीला बंद पडून राहिली. कंटाळून समोरच्या गाडीनं परत आले. तर दारात मुंबईच्या मोटारी. बागेत पंधरा-वीस पोरंपोरी, आणि वरून पाऊस! भर मे महिन्यात! पत्र्याच्या कडेला भोकं पाडलेला पाइप, खाली पंप घरघरतोय, आणि माझ्या टाकीतल्या पाण्यात नाच चाललाय. चाफ्याच्या फांदीला स्पीकर टांगलेला.

एक मुलगी मला म्हणाली, "मावशी, प्रेशर वाढवा ना थोडं!"

निलेश तिथंच उभा होता. त्यानं मला पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल— ही माझी आई.

"केअरटेकर आहेत त्या," म्हणाला. "थांबा, मी करतो." आणि गेला, पंपाकडे.

मी माझ्याच घरात मागच्या दारानं शिरले. पाहुणे जाईपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिले.

१० मे

"अगं, शनिवार-रविवार घर भाड्यानं द्यायचं, तर मालकीण तिथंच राहते म्हटलं की लोक बुकिंगच करत नाहीत. पाणी काय, जूनमध्ये परत भरेल." निलेशचं एवढंच. आणि शकुबाईंचं नाव का घेतलंस? तर खाली मान घालून मोबाइल बघत बसला. दुसऱ्या टाकीतही आता नुसता गाळ. हाच का तो, माझे गुडघे बघणारा?

१३ मे

तीन दिवस धीर होईना. आज गेले. शकुबाई, चुकले मी, म्हटलं.

त्यांनी आत बोलावलं. "पाव्हणं येत्यात ते तुमाला ठावं आसंल, आसं वाटलं मला. आन् पाण्यावरनं बोलणी आमी लय खाल्ली, नंदाताई. तुमच्याकडनं खायाची राहिलीवती."

चहा दिला त्यांनी.

२ जून

भांड्यांचं, तांदळाचं, सगळं धुवण रोज घालत होते. चाफा गेला. फांदी वाकवली तर कटकन मोडली.

१९ जून

पाऊस लागलाय. सकाळी स्टुलावर चढले, पन्हळीचा पाइप टाकीतून ओढून काढला आणि भिंतीपलीकडे शकुबाईंच्या पिंपात सोडला. पलीकडून त्यांनी धरला.

दुपारी निलेशचा फोन. "आई, टाकी भरली का गं?"

भरतेय, म्हटलं. कुणाची, ते त्यानं विचारलं नाही.