डाव्या दिव्याचा अर्थ

बुद्धभूषण,

गाडीचा डावा दिवा लागतोय. तू आणलेला नवा बल्ब परत करून ये, जुना ठणठणीत आहे. उजवीकडे लावून बघितला, लागला. उजवीकडचा डावीकडे लावला, तर तोही लागेना. फ्यूज शाबूत. मग बॅटरीच्या मायनसवरून होल्डरला वेगळी वायर दिली, तेव्हा लख्ख पेटला. म्हणजे बॉडीला जोडलेला अर्थ सुटला होता. तुम्ही इंजिनिअर लोक आधी वस्तू आणता, मग बिघाड शोधता.

अर्थच्या वायरीचा बोल्ट चाकाच्या वरच्या अंगाला आहे. तिथे शिंपल्यांसकट गाळ वाळून गंज चढला होता. घासून, आवळून ठेवलाय. आता ऑफिस हिंजवडीला, रस्ता सगळा डांबरी, आणि गाळ मात्र खडकवासल्याच्या काठचा. रोज आठला निघून कुठे बसतोस, ते कळलं. कंपनीनं काय केलं ते तू सांगशील तेव्हा सांग.

आमच्या कारखान्याचं मोटर वाइंडिंगचं खातं बंद झालं, तेव्हा मीही घरी न सांगता अकरा दिवस डबा घेऊन पर्वतीवर जाऊन बसत होते. निम्मी भाजी तिथलं कुत्रं खायचं. तुझ्या पप्पांना अजून माहीत नाही, तूही बोलू नकोस.

मी विहारात जातेय, दुपारी येईन. गाडी धुऊन घे, खालून पण.

आज डबा भरलेला नाही. ताट झाकून ठेवलंय, घरीच जेव.

आई