वालूरला दिलेली ढोलकी

प्रिय किसनदादा,

काल दुपारी देवगाव फाट्याला तुझी शोकसभा झाली. तिथं मी खोटं ऐकून घेतलं आणि वर गोड बोलून बसलो. म्हणून आज हे पत्र. दोन-दोन तास सभा गाजवणाऱ्या माणसावर मेलेल्या मित्राला पत्रातून खरं सांगायची पाळी यावी, यावरूनच माझी लायकी ओळख.

तुझ्या फोटोला हार घालायला रांग लागली होती. गेल्या चार वर्षांत यातल्या कुणी तुला ढोलकी वाजवायला स्टेजवर बोलावलं होतं? आणि सगळ्यात मोठा हार कुणाचा? तुमच्या गायन पार्टीचे म्होरके उत्तमराव, त्यांचा. माईक धरून ते रडले. हा माणूस गाताना कधी सुरात नसायचा, रडताना मात्र पक्का सुरात होता.

"वालूरचा सामना आठवतो का, मंडळी?" ते म्हणाले. "राणीसावरगावच्या पार्टीची ढोलकी फाटली. मीच किसनला म्हणलं, दे आपली. कलावंतानं कलावंताला सांभाळायचं असतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

दादा, त्या सामन्याचा पंच मीच होतो. स्टेजपासून चार हातांवर बसलो होतो. दुष्काळ सरला त्या सालची जयंती, उन्हं कलायच्या बेताला. दोन पार्ट्या एकाच स्टेजवर, एकीचं गाणं झालं की दुसरीनं उत्तर द्यायचं. राणीसावरगावच्या गणपतच्या ढोलकीची पुडी भर गाण्यात फाटली. त्यांचा गायक उघड्यावर पडल्यासारखा एकटाच गात राहिला. तेव्हा उत्तमराव तुझ्या कानाशी काय बोलले, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "हात मांडीवर ठेव. मरू दे त्यांना."

तू ढोलकी उचललीस आणि गणपतच्या पुढ्यात ठेवलीस.

त्यांचा सूर तुमच्याहून चढा. गणपतनं दोऱ्या ताणून ढोलकी चढवून घेतली. तुमची पाळी आली तेव्हा ती उतरवायला वेळ कुठला? बाजाच्या पेटीचं रिकामं खोकं तू पुढं ओढलंस आणि त्याच्यावर ताल धरलास. उत्तमराव दात खात म्हणाले, "आता हरायलोत आपण." तू म्हणालास, "न्हाई हरत. पंच शिकलेला माणूस हाय. इन्साफ करंल."

पंचानं काय इन्साफ केला? त्यानं कपाटभर पुस्तकं वाचली होती, माणुसकीवर गावोगाव भाषणं ठोकली होती. त्यानं कागदावर लिहिलं, 'ताल कमी पडला', आणि ढाल राणीसावरगावला देऊन टाकली. माझ्यावर एवढा भरवसा का टाकलास, दादा?

उत्तमरावांनी तुला घरभेदी ठरवून पार्टीतून काढलं. पुरावा म्हणून ते माझाच निकाल दाखवायचे. तू गवंड्याच्या हाताखाली कामाला गेलास, आणि भेटलास की मलाच चहा पाजायचास. एकदा तरी शिवी हासडायची होतीस.

काल गणपत आला होता, तीच ढोलकी घेऊन. "आता ती तुज्या सुराला लागलीया, ऱ्हाऊ दे," म्हणून तू ती त्याच्याकडेच ठेवली होतीस ना? तुझ्या फोटोसमोर बसून तो म्हणाला, "मला बोलता येत न्हाई. जरा वाजवू का?"

"अक्कल हाय का रे? शोकसभा हाय ही," उत्तमराव कडाडले.

टाळ्या वाजवलेल्यांनी माना खाली घातल्या. गणपत ढोलकी मांडीवर घेऊन मागं सरकला. मग माझं नाव पुकारलं गेलं.

उत्तमरावांचं खोटं उघडं पाडायचं तर माझा निकालही सांगावा लागला असता. मी 'थोर कलावंत' म्हणालो, 'पोकळी' म्हणालो, आणि खाली बसलो. उत्तमरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यात एवढी घाणेरडी शाबासकी मला कुणी दिली नव्हती. आम्ही दोघं एकाच मापाचे निघालो, दादा. ते रडून खोटं बोलले, मी शुद्ध भाषेत.

येत्या जयंतीला वालूरच्या सामन्याला पंच म्हणून पुन्हा मलाच बोलावलंय. उत्तमरावांची पार्टीही आहे. मी निकालाचा कागद हातात घेणार नाही. त्याच स्टेजवर, ते समोर असताना, त्यांनी तुझ्या कानात सांगितलेलं आणि मी कागदावर लिहिलेलं, दोन्ही माईकवरून सांगेन.

पण त्याआधी गणपतला स्टेजवर नेऊन बसवेन आणि माईक त्याच्या ढोलकीपुढं ठेवेन. त्याचं मन भरेपर्यंत तो वाजवील. तोवर मी हात मांडीवर ठेवून ऐकेन. बोलायचं ते नंतर.

तुझा,
भास्कर