गॅव्हिनच्या नावाचा दगड

ड्रमफेर गढी,
ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार, १७४७

चि. गॅव्हिन,

तुझं पत्र ब्रँडीच्या पिंपांबरोबर चोरवाटेने आलं. त्याला वासही तोच लागलाय, त्यामुळे तुझं तिकडे काय चाललंय याचे मी नको ते अंदाज बांधत बसले. पण खुशाल आहेस हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आम्ही सगळे बरे आहोत. माझे गुडघे सोडले तर तक्रार नाही.

"वसंतात येतो, आई. मेलेल्या माणसाला कोण शोधतंय?" असं लिहिलंयस. दाढी वाढवणार, घोड्यांचा दलाल होणार आणि आपल्याच दारात उभं राहून मला घोडी विकणार! हसले रे. मग तेच पान इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटलं. येऊ का, असं तू विचारलंयस आणि त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. पण आधी इकडचं ऐक.

तुझ्या वहिनीला, जीनला, दिवस गेलेत. परवा जेवताना वॉल्टर तिला म्हणाला, "दोन मुलगे होऊ देत. ड्रमफेरला दोन लागतातच." मी चमचा खाली ठेवला. त्याला म्हटलं, "एकाला घरी ठेवायला आणि एकाला घालवायला का?" जीन बिचारी नवी आहे, तिला काही कळलं नाही. मलाही लग्न होऊन आले तेव्हा कळलं नव्हतं.

तुमच्या या घराण्याची रीत मला सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितली होती. राज्यात दुफळी झाली की ड्रमफेरचा एक मुलगा राजाकडे जायचा आणि दुसरा बंडात. जो जिंकेल त्याने गढी वाचवायची आणि हरलेल्या भावालाही वाचवायचं. गढी दर वेळी वाचली. भावाचं मात्र क्वचितच जमलं. जिन्यावर सगळ्या पूर्वजांची चित्रं आहेत ना, ती नीट आठव. सगळे जिंकलेले. हरलेल्यांची चित्रं काढायला कुणाला सवड झाली नाही. भिंती आठ हात जाड आहेत म्हणून गढी टिकली, असं पाहुण्यांना सांगतात. मी ऐकून घेते.

तुमच्या वेळी वडिलांनी तुम्हाला ताटावरून उठूसुद्धा न देता वाटणी केली. वॉल्टर राजाकडे, तू बंड करणाऱ्या राजपुत्राकडे. तू तर शिकारीला निघाल्यासारखा खूश होतास. मी मधे बोलले नाही. बोलून उपयोग झाला नसता, हे खरं आहे, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

लढाई हरून आलास आणि वरच्या माळ्यावर लपलास, तेव्हा खाली कोठारात काय चाललं होतं ते तुला अर्धंच माहीत आहे. एक डोंगरातला पोरगा, पोटात संगिनीची जखम घेऊन, रांगत आपल्या कोठारापर्यंत आला होता. त्याची भाषा मला येईना. बेसी भटारखान्यातून आली आणि तिने सांगितलं, "बाईसाहेब, काळी गाय व्याली का म्हणून विचारतोय." पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. पहाटे गेला. मीच त्याला न्हाऊ घातलं. केस तुझ्यासारखे तांबडे, उंची तुझी. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली.

वॉल्टरला तिथेच सुचलं. राजाच्या तांबड्या डगलेवाल्या फौजेचा अधिकारी आला तेव्हा त्याने शपथेवर सांगितलं, "हा माझा भाऊ गॅव्हिन." पोराला चर्चच्या आवारातल्या आपल्या घराण्याच्या जागेत पुरलं आणि वर तुझ्या नावाचा दगड बसवला. तू तिसऱ्या दिवशी फ्रान्सच्या बोटीवर होतास. या वेळी भाऊही वाचला, म्हणून वॉल्टरला धन्यता वाटली, आणि मीही कौतुकाने त्याचा हात हातात घेतला होता.

दर रविवारी मी त्या दगडापाशी उभी राहायचे. आधी लोकांनी पाहावं म्हणून. पुढे पुढे मला खरंच रडू यायचं, आणि ते तुझ्यासाठी नसायचं.

सप्टेंबरात एक बाई दारात आली. एफी तिचं नाव, पलीकडच्या डोंगरातली. पायात काही नाही. गढ्या, तुरुंग, दवाखाने फिरत फिरत आली होती, मुलगा शोधत. बेसी मधे उभी राहून तिचं मला सांगत होती आणि माझं तिला, आणि स्वतःच्या पदरचंही घालत होती. "पोराचं नाव ईवन. केस तांबडे. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली, बाईसाहेब..." पुढचं सांगायच्या आधी बेसीने माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणू शकले असते. वॉल्टरने डोळ्यांनी तसं सांगितलंही. पण ती माझ्या चुलीपाशी ओटची पेज पीत बसली होती, वाडगं दोन्ही हातांत धरून. मी सगळं सांगितलं. गाईचंही सांगितलं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "व्याली," म्हणाली. "कालवड झाली. सांगायचं राहिलं त्याला."

मग मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, की दगडावरचं नाव बदललं तर माझा मुलगा जिवंत आहे हे उघड होईल. तिने वाडगं खाली ठेवलं. म्हणाली, "राहू दे तो दगड. माझा काही परत येत नाही. तुमचा तरी येऊ दे." इतकं मोठं मन आपल्या जिन्यावरच्या कुठल्या चित्रात आहे, सांग.

इथवर सगळं निभावलं होतं, गॅव्हिन. तो रविवार आला नसता तर निभावलंच असतं.

चर्च सुटल्यावर रीतीप्रमाणे लोक दगडापाशी माझ्याजवळ आले. एकेक जण माझा हात हातात घेऊन, "तुमचा गॅव्हिन फार गुणी होता हो," म्हणत होता. एफी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे कुणी बघेना. कोण कुठली भिकारीण! चक्कीवाल्याच्या बायकोने तर तिला कोपराने बाजूला सारलं, माझ्यापर्यंत पोचायला. तिच्याच मुलाच्या कबरीपाशी तिलाच.

विचार करून बोलले असं म्हणणार नाही. "माझ्याकडे काय येता?" मी ओरडले. "तिच्याकडे जा. मुलगा तिचा आहे. माझा जिवंत आहे."

फाटकाशी शिपायांचा हवालदार होता. तो जवळ आला. माणूस वाईट नाही; त्याने वॉल्टरला सुटायची वाटही करून दिली. "आईसाहेबांची तब्येत बरी दिसत नाही?" हो म्हणायचं, की सगळं मिटत होतं. वेडी आई घरात नेऊन बसवायची, बस्स. वॉल्टरने गढीकडे बघितलं, मग एफीकडे.

"आईची तब्येत ठणठणीत आहे," तो म्हणाला.

तुझ्या भावाला तू नेहमी घाबरट म्हणायचास. पुन्हा म्हणू नकोस.

बेसीच्या तोंडून सगळं कळताच एफी माझ्या अंगावर धावून आली. "काय केलंत हे, बाईसाहेब! तुमचा तर येणार होता!" मला धरून हलवत होती, आणि आम्ही दोघी रडत होतो. मग लोक एकेक करून तिच्यापाशी गेले. चक्कीवाल्याची बायकोही गेली.

दगडावर आता ईवनचं नाव आहे. वॉल्टरला खोट्या शपथेबद्दल इन्व्हर्नेसच्या न्यायालयात बोलावलंय. गढी राहील की जाईल, नाताळपर्यंत कळेल. तो माझ्याशी बोलतो, पण कमी. आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात तुझं वर्णन पोचलंय, दाढीसकट आणि दाढीविना.

म्हणून येऊ नकोस. या वसंतात नको, पुढच्याही नको. माझं वय तुला माहीत आहे, तेव्हा याचा अर्थ दोघांनाही कळतो. मी एका परक्या बाईसाठी तुझं घर बंद केलं. रागाव माझ्यावर, हक्क आहे तुझा. पण पत्र लिहिणं सोडू नकोस. रागाचं असलं तरी लिही.

काल बाजारात एका अनोळखी कापडवाल्याने सहज विचारलं, मुलं किती? "दोन," मी म्हटलं. "धाकटा फ्रान्सला असतो." चारचौघांत, मोठ्याने. तुला कधीच बघणार नाही अशी, आणि तरी तुझी,

आई
मार्जरी